बाईचा समुद्र

प्रिय बाई,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. एकतीस वर्षं आपण दोघी जावांनी एका स्वयंपाकघरात काढली, त्यात पत्र लिहायची वेळ येणार कशी? शिवाय तुम्हाला वाचता येत नव्हतं. फुलसावंगीहून, तुमच्या माहेराहून पत्र आलं की ते मीच वाचून दाखवायची आणि तुम्ही म्हणायच्या, "परत वाच." हेही मीच वाचून दाखवणार आहे. घरी पोचले की तुमच्या फोटोसमोर बसेन. परत वाच म्हणालात तर मात्र माझ्याच्याने होईल की नाही, सांगता येत नाही.

पालघरहून लिहिते आहे, पल्लवीच्या घरून. लेकीकडे पंधरा दिवस राहिले, आता परवा निघते. पुढच्या बुधवारी तुमचं वर्षश्राद्ध. सगळे येतील. नेरच्या नणंदबाई, फुलसावंगीची तुमची भावजय, गावातले झाडून सगळे. त्या सगळ्यांपुढे मला एक गोष्ट बोलायची आहे आणि ती आधी तुमच्या कानावर घातल्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगणं मला बरं वाटत नाही.

बाई, त्या दिवशी समुद्र आटला नव्हता. आणि ते मला तिथेच, त्याच दुपारी कळलं होतं.

बघा, लिहून टाकलं. आता हात थोडा हलका झाला. बाकीचं सावकाश सांगते.

मी लग्न होऊन घरात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला घरचा नियम शिकवलात. कुठेही निघायचं असलं, लग्नाला, बाजाराला, नाहीतर आर्णीच्या दवाखान्यात, तर सगळ्यांनी तयार होऊन ओसरीवर बसायचं. पिशव्या पायाशी. मग घरातली मोठी बाई म्हणणार, "चला." त्यानंतरच उठायचं. सासूबाई होत्या तोवर त्या म्हणायच्या, त्यांच्यानंतर तुम्ही. एकदा बस रस्त्यावर येऊन उभी राहिली होती, कंडक्टर घंटी मारत होता, आणि आपण सगळे ओसरीवर शहाण्यासारखे बसलेलो, कारण तुमची पानसुपारीची चंची सापडत नव्हती. बस गेली. मोठे भाऊजी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. चंची सापडली, एवढ्यावर तुम्ही खूश होतात.

मला त्या नियमाचा राग यायचा. कधी बोलले नाही, पण यायचा. आपण कधी उठायचं तेसुद्धा दुसऱ्याने सांगायचं? पण तुम्ही दहा वर्षांनी मोठ्या, तुमच्यापुढे बोलणार कोण?

पल्लवीला इथल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली तेव्हा मी तिला पगार विचारला, राहायची खोली विचारली, पाणी चोवीस तास असतं का ते विचारलं. तुम्ही एकच विचारलंत.

"पोरी, तिथं समुद्र हाय म्हन्ते. पाय बुडवता येते का व त्यात?"

"मोठी आई, तू ये तर," पल्लवी म्हणाली, "तुला कमरेपर्यंत बुडवते."

"नाई बापा. पायच पुरे."

आणि तुम्ही चक्क लाजलात. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत तुम्ही कोणाकडे काही मागितल्याचं मला आठवतच नाही. लुगडंसुद्धा भाऊजी आणतील ते नेसलात, रंग आवडो न आवडो. मागितलंत ते एवढंच.

मग पल्लवीला बाळ झालं आणि दोन महिन्यांनी, वैशाखात, आपण दोघी इकडे आलो. आर्णीहून यवतमाळ, यवतमाळहून धामणगाव, तिथून पुढे रेल्वे. गाडीत चढण्याआधी तुम्ही डब्याला हात लावून तो कपाळाला लावलात, आठवतं? मागचा माणूस "अहो मावशी, चढा लवकर" म्हणत होता. इथे आठ दिवस गेल्यावर पल्लवी म्हणाली, जावईबापू उद्या घरी आहेत, मी बाळाला बघते, तुम्ही दोघी दिवसभर घोलवडला जाऊन या. सकाळची पॅसेंजर, तासाभराचा रस्ता, आणि स्टेशनवर उतरलं की समुद्र चालत जाण्याइतका जवळ.

सकाळी तुम्ही डबा बांधलात. पोळ्या, कोरडा झुणका, ठेचा, दोन कांदे. पोळ्या मोजल्या तर बारा. मी म्हटलं, "बाई, दोघींना बारा पोळ्या?"

"गाडीत कोनी भुकेलं निंघालं त?"

आणि निघालं की हो कोणीतरी! पुढच्या स्टेशनावर एक कोळीण रिकामी टोपली घेऊन चढली आणि तुमच्याशेजारी बसली. मासळीच्या वासाने तुम्ही नाकाला पदर लावलात. तो पदर तसाच धरून दुसऱ्या हाताने तिला दोन पोळ्या आणि झुणका दिलात. ती हसत होती, तुम्ही हसत होतात, आणि दोघींनी एकमेकींना लेकरं किती ते विचारून झालं होतं. तिचं बोलणं तुम्हाला निम्मं कळत नव्हतं, तुमचं तिला. घोलवड येईपर्यंत गप्पा काही थांबल्या नाहीत.

घोलवडला उतरलो आणि दोन्ही बाजूंनी चिकूच्या वाड्या लागल्या. वैशाखात एवढी सावली बघून मला बरं वाटलं. तुम्ही मात्र वाकून चिमूटभर माती उचललीत, बोटांत चोळलीत आणि निकाल दिलात, "भुरी हाय. कापूस नाई होनार इथं." मला हसू आलं. इथे कापूस पेरायला कोण आलं होतं, बाई?

मग सुरूच्या झाडांतून बाहेर पडलो आणि दोघी जागच्या जागी थांबलो.

समोर वाळू होती. वाळूच्या पुढे ओला, काळपट चिखल, दूरवर पसरलेला. चिखलात दोन होड्या कुशीवर कलंडलेल्या. आणि पार तिकडे, आभाळ टेकतं तिथे, एक चकाकती रेघ. पाणी म्हणाल तर तेवढंच.

तुम्ही डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिलात. मग हळूच म्हणालात, "शोभा, पानी त आटलं व."

आणि मलाही अगदी तेच वाटलं. देवाशपथ. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. आपण दोघी अरुणावतीच्या काठच्या. चैत्र लागला की आपली नदी आटते, धरण खाली जातं, विहिरीचा दोर वाढवावा लागतो. आपल्याकडे पाणी गेलं म्हणजे गेलं, ते आता मृगानंतर. सकाळी गेलेलं पाणी संध्याकाळी घरी परत येतं, असं आपल्या मुलखात कधी कोणी पाहिलं आहे का?

"आपलंच चुकलं," तुम्ही म्हणालात. "उन्हाळ्यात कोनी येते का पानी पाहाले? दिवाळीनंतर याले पाह्यजे होतं." आणि वर माझीच समजूत घातलीत. "येवढा मोठा हाय म्हून रेघ तरी उरली. आपलं धरन असतं त कोरडंच पडलं असतं."

तुम्ही चपला हातात घेऊन चिखलात उतरलात. आठ-दहा पावलं गेलात. एका खळग्यात थोडं पाणी साचलं होतं, त्यात बोट बुडवून जिभेला लावलंत. "खारं हाय. समुद्राचंच हाय," मला ओरडून सांगितलंत. नंतर तिथेच उभ्या राहिलात. त्या खळग्यात पाय बुडवावे की नाही, हा तुमचा विचार मला काठावरून दिसत होता. बुडवले नाहीत. "डबक्यात कायले बुडवाचे," म्हणून परत फिरलात.

डबा खाऊन झाल्यावर तुम्ही झाडाला पाठ टेकून बसलात आणि मी चहा आणायला गेले. टपरीवर साठीची एक बाई होती. मी सहज म्हटलं, "यंदा पाणी फार आटलं का हो?"

तिने किटली खाली ठेवली आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग मला म्हणाली, "आटतंय कुठं, बाय? ओहोटी आहे. आज अष्टमी ना? बाराला पार खाली जाईल, मग फिरेल. चारला बघ, होड्या उभ्या राहतील. सहाला ही वाळू दिसायची नाही."

"रोज येतं?"

"रोज. दोनदा जातं नि दोनदा येतं. कुठून आलीस तू?"

मी यवतमाळ म्हटलं. तिला ते कुठे आहे ते माहीत नव्हतं.

आपली परतीची गाडी दीडची होती. त्यानंतरची थेट साडेसहाची. दोन हातांत चहाचे दोन ग्लास घेऊन मी टपरीपासून तुमच्या झाडापर्यंत आले. साठ-सत्तर पावलं असतील. तेवढ्या अंतरात मी ठरवलं की तुम्हाला सांगायचं नाही.

का? याचं उत्तर मी स्वतःला चार वर्षं देते आहे आणि दर वेळी थोडं सजवून देते. आज सजवत नाही.

पल्लवीच्या सासूबाई त्या दिवशी सहाला नातवाला बघायला येणार होत्या. बाळंतीण लेकीला टाकून आई समुद्रावर हवा खायला गेली, असं त्यांनी म्हणू नये, मी घरात पदर खोचून कामाला लागलेली दिसावी, असं मला वाटत होतं. हे एक. दुसरं असं की त्या सकाळी तुम्ही पल्लवीसमोर माझ्या हातातून बाळ काढून घेतलं होतं. "असं नाई धरत. मान पडते." दोन लेकरं वाढवलेली मी, आजी झालेली मी, आणि मला धरता येत नाही? तो राग पोटात होता. आणि तिसरं, मला पक्कं ठाऊक होतं की पाणी परत येणार म्हटल्यावर तुम्ही तिथून हलणार नाही. तुम्ही "चला" म्हणणार नाही, आणि मी नेहमीसारखी पिशवी पायाशी घेऊन बसून राहणार.

मग मीच म्हटलं. चहा संपला, मी पिशवी उचलली आणि म्हणाले, "बाई, गाडीची वेळ झाली. चला."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एकदा त्या रेघेकडे बघितलंत. आणि उठलात, लुगड्याची वाळू झाडलीत, माझ्या मागे चालू लागलात. सगळ्या संसारात पहिल्यांदा मी "चला" म्हटलं आणि तुम्ही ऐकलंत. मला त्याचा आनंद झाला. लिहिताना लाज वाटते आहे, पण झाला होता.

परतीच्या गाडीत तुम्ही मला म्हणालात, "नाराज नोको होऊ. हिवाळ्यात येऊ कधी." नाराज मी नव्हतेच. मी नजर चुकवून खिडकीबाहेर बघत होते, तुम्हाला ते वाईट वाटणं वाटलं.

संध्याकाळी सहाला विहीणबाईंचा फोन आला. पाहुणे आलेत, आज जमत नाही, पुढच्या रविवारी येते. मी ओट्यापाशी पुरण वाटत उभी होते.

त्यानंतर आपण गावी गेलो आणि पुढे काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. समुद्र कसा होता, असं जो विचारेल त्याला तुम्ही सांगायच्या, "आटला होता. उन्हाळ्यात गेलतो ना आमी." ओसरीवर, नळावर, सोयाबीनच्या वावरात निंदणाला बसलेल्या बायकांमध्ये. लोक पोट धरून हसायचे. तुमचा नातू अनिकेत यवतमाळला कॉलेजात शिकतो, तो सुटीत आला की मित्रांना घेऊन मुद्दाम तुम्हाला विचारायचा. "आजी, समुद्र आटत नसते."

"तू पाह्यला का? म्या पाह्यला."

पुन्हा हसणं. हळूहळू ती गावची म्हणायची गोष्टच झाली. हातपंप कोरडा पडला की, झाला बाईचा समुद्र. माठात पाणी नसलं की, बाईचा समुद्र. मोटारसायकलमधलं पेट्रोल संपलं तरी तेच. लोकांचं तुमच्यावर प्रेम होतं, ते काही वाईट हेतूने म्हणत नव्हते, हे मलाही कळतं. पण मी तिथेच बसलेली असायची ना, बाई. तुमच्या शेजारी, सुपात तूर घेऊन. एक वाक्य बोलले असते तर ते हसणं थांबलं असतं. मी तूर पाखडत राहिले. एकदोनदा तर मीही हसले.

गेल्या वैशाखात तुम्हाला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तुमच्या विलासने, लेकाने, यवतमाळला न्यायचं म्हणून जीप आणली. पिशवी भरून आम्ही सगळे ओसरीवर तयार बसलो होतो आणि विलास तुम्हाला उठवायला आत गेला होता. तुम्ही "चला" म्हटलंच नाही. तिथेच संपलं सगळं.

तेराव्याच्या पंगतीत पाण्याचा जग रिकामा निघाला. कोणीतरी सवयीने म्हणालं, "बाईचा समुद्र झाला, भरून आना." माणसं डोळे पुसत हसली. मी उठून मागच्या अंगणात गेले. सगळ्यांना वाटलं, धाकट्या जावेला दुःख अनावर झालं. ते होतंच. पण दुःखाच्या खाली दुसरंही काही होतं, ते कोणाला दिसलं नाही.

तरीही मी हे पत्र लिहिलं नसतं. मी अशीच गप्प राहून गेले असते, मला माझा स्वभाव माहीत आहे. पण परवा रविवारी पल्लवीसोबत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते आणि ती एकदम म्हणाली, "आई, रविवार आला की मला फार जड जातं. मोठी आईचा फोन यायचा ना."

"कसला फोन?"

"भरतीचा."

माझ्या हातातला कपडा तसाच राहिला. मग तिने सांगितलं. त्याच संध्याकाळी, आपण घोलवडहून आलो त्याच संध्याकाळी, मी पुरण वाटत होते आणि तुम्ही बाळाला मांडीवर घेऊन तिच्यापाशी बसला होतात. तेव्हा तुम्ही तिला विचारलंत, समुद्राचं पाणी उन्हाळ्यात आटतं का म्हणून. ती आधी हसली, मग तिने नीट समजावलं. रोज दोनदा जातं, दोनदा येतं. आज अष्टमी, आत्ता या वेळेला तिथे वाळूवर पाणी असेल.

तुम्ही बाळाचं दुपटं सारखं केलंत म्हणे. मग म्हणालात, "तुह्या मायले सांगू नोको."

"काहून?" पल्लवीने विचारलं.

"येवढ्या हौसेनं नेलं तिनं मले. तिले समजलं की थांबलो असतो त पाय बुडले असते, त जीव जाळत बसन ते. नोको सांगू."

बाई, मला माहीत नसेल असं तुम्ही धरून चाललात. मी अडाणी ठरले असते तर किती बरं झालं असतं!

पल्लवीने एकदा तुम्हाला विचारलंही होतं, की मग गावात आटला होता असं काय सांगत बसतेस, लोक हसतात तुला. त्यावर तुमचं उत्तर होतं, "मंग काय सांगू? मले समजलं म्हटलं त शोभालेबी समजन." म्हणजे तीन वर्षं तुम्ही सगळं माहीत असून, चेहरा जराही न हलवता, स्वतःच्या नातवाकडून हसून घेतलंत. कोणासाठी? तर शेजारी बसून तूर पाखडणाऱ्या, सगळं माहीत असलेल्या माझ्यासाठी.

आणि ते रविवारचे फोन! विलासचा जुना बटणांचा मोबाईल घेऊन तुम्ही गोठ्यामागे जायच्या. दोन नंबरचं बटण दाबून धरलं की पल्लवी लागायची. मला राग यायचा. माझ्याच लेकीशी माझ्यापासून लपून काय बोलतात ह्या? माझ्या चहाड्या सांगतात का? मी एकदा तुम्हाला टोचूनही बोलले होते, "गोठ्यात काय गुपितं चालतात?" तुम्ही म्हणालात, "काही नाई, लेकराची खुशाली." आणि तुम्ही विचारत काय होतात? आज तिथं पाणी किती वाजता येतं. पल्लवी म्हणते, पुढे पुढे तर तुम्हीच तिथी मोजून वेळ सांगायच्या आणि तिने मोबाईलमध्ये बघितलं की ती बरोबर निघायची. आर्णी तालुक्यातल्या गोठ्यामागे उभं राहून माझी जाऊ समुद्राच्या वेळा मोजत होती, आणि मी आत भाकरीला थापा मारत चहाड्यांचा हिशोब लावत होते.

काल मी घोलवडला गेले. एकटी. पल्लवी येते म्हणत होती, मी नको म्हटलं. तीच सकाळची गाडी. टपरीवर ती हसणारी बाई नव्हती, तिची सून होती. मी सुरूखाली जाऊन बसले. समोर तसाच चिखल, तशीच रेघ. डबा नेला होता पण उघडला नाही.

पाणी कसं येतं, सांगू? मला वाटलं होतं धावत येत असेल. तसं नाही. आधी चिखलातल्या खळग्यांत ओल चढते. मग एक खळगा भरतो, तो दुसऱ्याला मिळतो. आपण वाफ्याला पाणी सोडतो आणि एक सरी भरून दुसरीत उतरते ना, अगदी तसं. मध्येच बघितलं तर काही हललेलं दिसत नाही, आणि जरा इकडे तिकडे बघून परत पाहावं तर मगाचा दगड गेलेला असतो. तुम्हाला ते फार आवडलं असतं. तुम्ही मला दर पाच मिनिटांनी सांगितलं असतं, कुठली सरी भरली ते. चार वाजायच्या आधीच होड्या हलायला लागल्या. आधी एक सरळ झाली, मग दुसरी.

मी चपला काढून खाली वाळूत जाऊन बसले होते. पाणी अगदी बोटांपर्यंत आलं आणि मी पाय मागे घेतले. मोठ्या जावेच्या आधी आपण पाय कसे बुडवायचे? पुन्हा आलं, पुन्हा मागे घेतले. असं तीन-चार वेळा झालं असेल. मग मागे सरायला जागाच उरली नाही आणि ते माझ्या घोट्यांवरून गेलं. कोमट होतं, बाई. माझ्या मनात थंडगार असेल असं होतं, पण उन्हात तापलेल्या चिखलावरून आलेलं पाणी, ते कोमटच असणार. तुमच्या फुटलेल्या टाचांना बरं वाटलं असतं. तिथे बसून मी खूप रडले. आजूबाजूला फिरायला आलेली माणसं होती, मला त्यांचं काही वाटलं नाही.

आता माझं एक भांडण आहे तुमच्याशी. भाजीत तेल जास्त पडलं तर बोललात, कणीक सैल झाली तर बोललात, बाळ कसं धरायचं त्यावरून बोललात. मग जे बोलायचं होतं तेच नेमकं का गिळलंत? त्याच संध्याकाळी मला हाक मारून म्हणाला असतात, "शोभा, आपून चुकलो व, उद्या पुन्हा जाऊ," तर मी काय नाही म्हटलं असतं? आपण त्यानंतर आणखी सहा दिवस इथे होतो. पुढच्या दिवाळीतही आलो होतो. माझा जीव जळू नये म्हणून तुम्ही गप्प, माझी चोरी उघडी पडू नये म्हणून मी गप्प, आणि घोलवडची गाडी रोज सकाळी जात होती.

नाही, बाई. हे भांडण खोटं आहे. गप्प राहण्यात आपली बरोबरी होत नाही, आणि ती मी करायला जाऊ नये.

म्हणून बुधवारी काय करणार ते सांगते. नैवेद्य दाखवून झाला, पानं मांडून झाली, सगळे बसले, की वाढायला सुरुवात होण्याआधी मी उभी राहणार आहे. आधी हे सांगेन की बाईंना सगळं माहीत होतं. भरती माहीत होती, ओहोटी माहीत होती, तिथीवरून वेळ काढता येत होती, आणि अनिकेतला म्हणेन की तुझ्या कॉलेजातल्या कोणाला येते का विचार. मग दुसरं सांगेन. ते मला जड जाणार आहे. टपरीवर मला कळलं होतं आणि मी सांगितलं नाही, हे सांगेन. सांगताना विहीणबाईंना मध्ये आणणार नाही आणि गाडीच्या वेळेची सबबही देणार नाही. विलाससमोर म्हणेन की तुझ्या आईने जन्मात एकच गोष्ट मागितली होती आणि ती तुझ्या काकीने तिला मिळू दिली नाही.

तो काय म्हणेल, मला माहीत नाही. कदाचित पानावरून उठून जाईल. गावातही महिनाभर माझंच नाव चालेल. चालू दे. मी सांगणार आहे, हा माझा तुम्हाला शब्द. पण बाई, तुमच्याकडून एक पाहिजे. तुम्ही जिथे असाल तिथे स्वस्थ बसून राहा. या वेळी मला सांभाळून घेऊ नका.

तुमची धाकटी जाऊ,
शोभा